हाड विरळ, पण सांधा पक्का

कुडाळच्या ओपीडीत काका आले ते पुन्हा ऑपरेशन होणार असं गृहीत धरूनच. सत्तरी ओलांडलेले, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून तो खचला होता, म्हणून २००९ साली मुंबईत डावा सांधा बदललेला, सिमेंट न वापरता. हल्ली थोडा वेळ उभं राहिलं की मांडीत कळ यायची. दुसरीकडे काढलेला एक्स-रे बघून त्यांना सांगण्यात आलं होतं की हाड झिजलंय, सांधा सैल झालाय. काकींनी पैशासाठी बांगड्या मोडायचं ठरवलं होतं.

"परत कापतलात काय माका?" बसायच्या आधीच त्यांनी विचारलं.

फिल्म लाइटबॉक्सवर लावली. घाबरावं अशीच होती. मांडीच्या हाडाचा आतल्या बाजूचा वरचा कोपरा, आम्ही ज्याला कॅल्कार म्हणतो, तो झिजून गोलसर झालेला, आजूबाजूचं हाड फिकट. पण नजर खाली नेली, स्टेमवरचं, म्हणजे मांडीच्या हाडात बसवलेल्या धातूच्या दांड्यावरचं, खडबडीत कोटिंग संपतं तिथे, आणि मला हायसं वाटलं. हाडाच्या दाट पांढऱ्या पट्ट्या थेट धातूला जाऊन भिडल्या होत्या. यांना स्पॉट वेल्ड म्हणतात. हाडाने धातू धरून ठेवल्याची ही खूण. स्टेम सैल असता तर कोटिंगच्या कडेने काळी रेघ दिसली असती. इथे ती कुठेच नव्हती.

मग वरचं हाड गेलं कुठे? भार पडेल तसं हाड घडतं, हे यूलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडलं होतं. टायटॅनियमचा मिश्रधातू हाडापेक्षा पाच-सहा पट ताठ असतो, कोबाल्ट-क्रोम दहापटीहून जास्त. शरीराचा भार धातूतून थेट खाली उतरतो, वरच्या हाडाला काम उरत नाही आणि प्लास्टरमधल्या हाताचे स्नायू बारीक व्हावेत तसं ते विरळ होतं. याला स्ट्रेस शिल्डिंग म्हणतात. बहुतेक बदल पहिल्या दोनेक वर्षांत होतात, मग वेग मंदावतो.

तरीही एकाच फिल्मवर निकाल देणं मला पटत नाही. स्टेम घसरलाय का, हे जुन्या फिल्मशी ताडल्याशिवाय कळणार कसं? त्या होत्या विरारला, मुलाकडे. तो कोकणकन्येने घेऊन आला. दोन्ही फिल्मवर आधी कृत्रिम गोळा मोजला. त्याचा व्यास २८ मिलिमीटर हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं होतं, म्हणून कुठल्या फिल्मवर चित्र किती मोठं उमटलंय, त्यातला फरक काढता आला. मग ट्रोकँटरच्या, म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या बाहेरच्या उंचवट्याच्या, टोकापासून स्टेमच्या खांद्यापर्यंतचं अंतर मोजलं. तेवढंच! इतक्या वर्षांत स्टेम हललेला नव्हता.

गोळा जिच्यात फिरतो त्या कृत्रिम वाटीकडे मात्र मी जास्त वेळ पाहत राहिलो. खरी भीती तिथे असते. प्लास्टिकच्या अस्तराचे सूक्ष्म कण सुटले की त्यांना गिळणाऱ्या पेशी चेतवल्या जातात आणि हाड पोखरलं जातं. ते नुसतं फिकट दिसत नाही, ठळक कडांचे काळे खड्डे पडतात, आणि बऱ्याचदा ते मोठे होईपर्यंत रुग्णाला काहीच दुखत नाही. काकांचा गोळा वाटीत थोडासाच वर सरकला होता, म्हणजे अस्तर थोडंच झिजलं होतं. खड्डे नव्हते.

मग कळ कसली? खुबा सगळीकडून फिरवला, दुखलं नाही. जंतुसंसर्गासाठी केलेल्या रक्ततपासण्या नॉर्मल. बसलं की, पुढे वाकलं की आराम, हे काकांनी स्वतःच सांगितलं. एमआरआयमध्ये कमरेच्या मणक्यात नसांची वाट अरुंद झालेली दिसली.

"मगे ता हाड परत येतला काय?" काकांनी विचारलं. बहुतेक नाही, मी खरं ते सांगितलं. पण आहे ते चालायला पुरेसं आहे. पडायचं मात्र नाही, शेवाळलेल्या पाणंदीत तर नाहीच.

काकी पहिल्यांदाच बोलल्या, "बांगड्ये ऱ्हवले म्हणायचे."

कमरेचे व्यायाम सुरू झालेत. पुढच्या वर्षी पावसाआधी पुन्हा एक्स-रे काढायचा आहे, मुख्यतः वाटीसाठी. जुन्या फिल्मचे फोटो मुलाने फोनवर काढून घेतलेत, कारण इथल्या दमट हवेत त्या एकमेकींना चिकटतात.