ॲसिडने धुतलेली शिंपल्यांची खिडकी

गोव्यात सासष्टीतल्या एका पाडलेल्या घराच्या खिडक्यांच्या चार झडपा आमच्या फोंड्याच्या कारखान्यात आल्या. त्यांतून एका ताईंना भांड्यांचं कपाट हवं होतं. चौकट सागाची, तावदानं काचेऐवजी पातळ, उजेड आत सोडणाऱ्या शिंपल्यांची. "मेस्त, चकाचक धुवून आणल्यात," असं भंगारवाला म्हणाला आणि माझ्या पोटात गोळा आला.

फरशीचं ॲसिड वापरलं होतं त्याने. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ॲसिड पडलं की फसफसतो, वरचा थर निघून जातो आणि तो खडूसारखा पांढरा पडतो. गेलेली झळाळी परत येत नाही. वार्निश मारलं तर थोडे दिवस बरा दिसतो, पुढे पिवळा पडतो. मऊ ब्रश आणि साबणाचं पाणी एवढ्यावर काम झालं असतं! पण जुनी वस्तू नव्यासारखी दिसली तरच गिऱ्हाईक हात लावतं, हे त्यालाही ठाऊक.

अशी झडप सोडवताना घाई चालत नाही. उभ्या बारीक पट्ट्यांना खाचा असतात आणि त्यांत शिंपले कडेवर कड चढवून सरकवलेले असतात. गंजलेला खिळा ओढला की पट्टी पिळते आणि शिंपले तडकतात. म्हणून सांध्यात हॅकसॉचं पातं घालून खिळाच कापायचा, मग वरची आडवी पट्टी काढायची. शिंपल्यावर चिकटपट्टी लावून नंबर टाकू नये, तिच्याबरोबर पापुद्रा निघतो. फळीवर ओळीने मांडावेत. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो ओला करूनच खरवडायचा. खिळ्याभोवतीचे काळे डाग ऑक्झॅलिक ॲसिडने जातात, मात्र शिंपले बाहेर काढल्यावरच. लाकूड नीट धुवून वाळल्याशिवाय ते परत बसवायचे नाहीत.

बसवताना खाचेत अर्धा मिलिमीटर सैल ठेवलं. पावसाळ्यात साग फुगतो, घट्ट बसवलेला शिंपला तेव्हाच फुटतो. सिलिकॉन अजिबात नाही. वरच्या पट्टीला पितळी स्क्रू मारले, म्हणजे उद्या एखादा शिंपला बदलता येईल.

बदलायला आणायचा कुठून, हा खरा प्रश्न. चिखलीच्या खाडीत हा शिंपला आहे, पण तो वन्यजीव कायद्याने संरक्षित. तीन झडपांत चांगले शिंपले जमवून लावले. चौथीत ॲक्रिलिक घाला, असं ताईंचं म्हणणं. मला ते पटत नाही. दुसऱ्या मोडक्या झडपा मिळेपर्यंत खाचा रिकाम्या राहू द्या, असं त्यांना सांगितलंय. उत्तर अजून आलेलं नाही.