त्रिएस्ते ते पोरेच, पारेन्झानावरून सायकलने: माझा अनुभव

दादा नाशिकजवळ द्राक्षं पिकवतो, मी म्युनिकला नोकरी करते, आणि सायकलचं वेड दोघांनाही सारखंच. तो इकडे येतो म्हणाला तेव्हा माझी एकच अट होती, की जिथे जाऊ तिथे गाड्या नकोत. मुंबई-आग्रा हायवेच्या कडेने ज्याने सायकल चालवलीये त्याला कळेल मी काय म्हणतेय ते, डोळे पुढे असतात पण अर्धं लक्ष कायम मागच्या ट्रकच्या आवाजात. तेव्हा शोधता शोधता पारेन्झाना सापडला आणि मग दुसरं काही बघितलंच नाही.

पारेन्झाना म्हणजे एके काळची छोटी रेल्वे. इटलीतल्या त्रिएस्तेपासून आताच्या स्लोव्हेनियातून क्रोएशियातल्या पोरेचपर्यंत 123 किलोमीटर, रुळांची रुंदी फक्त 760 मिलिमीटर. 1902 मध्ये सुरू झाली तेव्हा हा सगळा भाग ऑस्ट्रिया-हंगेरीचा होता, पहिल्या महायुद्धानंतर इटलीकडे गेला, आणि 31 ऑगस्ट 1935 ला गाडी कायमची बंद पडली. वाईन, ऑलिव्ह तेल, मीठ, दगड असला माल ती न्यायची. रूळ उचलले गेले पण बोगदे, दगडी पूल आणि डोंगराच्या पोटातून कापलेली वाट राहिली, आणि आता त्याच वाटेवर सायकली चालतात. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ जमत नाही म्हणून चढ कुठेही साधारण तीन टक्क्यांच्या वर जात नाही, आमच्यासारख्या हौशी लोकांसाठी हे फार मोठं सुख आहे.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो दादाच्या व्हिसाने, त्यामुळे आधी त्याचंच सांगते. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे आणि त्याच दिवसापासून तिथे युरोही चालतो, म्हणजे तिन्ही देशांना एकच व्हिसा पुरतो. त्याचे जास्त दिवस माझ्याकडे म्हणजे जर्मनीत जाणार होते म्हणून अर्ज जर्मनीचा. मी इकडून खर्चाच्या जबाबदारीचं अधिकृत पत्र काढून पाठवलं, आणि किमान 30,000 युरो कव्हरचा ट्रॅव्हल इन्शुरन्स तर लागतोच. खरा प्रश्न होता शेतकऱ्याचं उत्पन्न दाखवायचं कसं, कारण पगाराची स्लिप नाही आणि शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. आम्ही सातबारा, त्याचं इंग्रजी भाषांतर, द्राक्षं विकल्याच्या पावत्या, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट असं सगळं लावलं आणि सोबत एका पानाचं साधं पत्र, की बाग माझी आहे, ऑक्टोबर छाटणीला मला घरी असावंच लागतं. माझं मत असं की त्या पत्राचा उपयोग झाला, कारण माणूस परत का जाणार हे त्यात स्पष्ट होतं. शेतकरी असाल तर हे पत्र नक्की जोडा.

सप्टेंबर निवडला तोही छाटणीमुळेच. पण तिकडेही तोच महिना चांगला, उन्हाचा तडाखा उतरलेला असतो आणि द्राक्षांची तोडणी चालू असते.

सायकली त्रिएस्तेला भाड्याने घेतल्या. इथे एक गोष्ट आवर्जून सांगते, रोड बाईक म्हणजे बारीक टायरची सायकल घेऊ नका. इटली आणि स्लोव्हेनियात बराचसा मार्ग डांबरी आहे त्यामुळे सुरुवातीला वाटतं की कशाला जाड टायर, पण क्रोएशियात शिरलात की बहुतेक ठिकाणी खडी लागते, फोडलेल्या चुनखडीची पांढरी खडी, कुठे बारीक दाबून बसलेली तर कुठे अंड्याएवढे सुटे दगड. आम्ही 40 मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर घेतले आणि हवा 35 पीएसआयच्या आसपास ठेवली. दादाला हवा कमी वाटत होती, तो दुकानात पंप मागायला निघाला होता, पण खडी सुरू झाल्यावर म्हणाला, "अगं, हात नाही बधिर होत." लाइट पुढचा चांगला घ्या, का ते पुढे येतंय. आणि पासपोर्ट बॅगेत तळाशी टाकू नका, शेंगेन असलं तरी इटली आणि स्लोव्हेनियाने 2023 पासून सीमेवर तात्पुरती तपासणी सुरू केलीये, कधीही विचारू शकतात.

त्रिएस्तेतून बाहेर पडेपर्यंत शहरच आहे, तिथे गाड्या आहेत, ते मान्य करून पुढे जायचं. स्लोव्हेनियात मात्र मन मोकळं झालं. कोपर ते इझोला समुद्राला खेटून जाणारा जुना रस्ता 2017 पासून गाड्यांना बंद आहे, एका हाताला पाणी आणि पूर्ण रस्ता सायकलवाल्यांचा आणि चालणाऱ्यांचा, आज्या नातवंडांना घेऊन निवांत मधोमध चाललेल्या. पुढे पोर्तोरोझच्या आधी वालेताचा साडेपाचशे मीटरचा बोगदा, मग सेचोव्हल्येची मिठागरं, आणि त्यानंतर सीमा ओलांडून क्रोएशिया.

इथून खरी मजा. समुद्रसपाटीवरून वाट वर चढायला लागते, बुये गावावरून ग्रोझ्न्यानपर्यंत, आणि ग्रोझ्न्यानला या रेल्वेचा सगळ्यात उंच बिंदू आहे, 293 मीटर. आकडा छोटा वाटतो पण चढ संपतच नाही, एकाच गिअरला एका लयीत पाय फिरवत राहायचं. आणि दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, मध्ये मध्ये ऑलिव्ह, बांधाला चुना न वापरता नुसते दगड रचून केलेल्या भिंती. मागून हॉर्न नाही म्हणून आम्ही शेजारी शेजारी चालवत बोलत गेलो, भावाबहिणीचं इतकं सलग बोलणं फोनवर कधी होत नाही.

बुयेच्या पुढे दादाने सायकल आडवी टाकली आणि थेट बागेच्या बांधावर जाऊन बसला. माती लालभडक, भाजलेल्या विटेसारखी, आणि तिच्यातून पांढरा दगड डोकं काढतोय. त्याला कोडं पडलं. आपल्याकडे चुनखडीची जमीन म्हटलं की द्राक्षवाल्याच्या पोटात गोळा येतो, वेलीला लोह मिळत नाही, पानं पिवळी पडतात. आणि इथे खाली सगळा चुनखडीचाच डोंगर, तरी वेल हिरवीगार. तोडणी करणारे एक काका होते, त्यांना थोडंफार इंग्रजी येत होतं, त्यांनी ढेकूळ फोडून दाखवलं. हजारो वर्षं पावसाचं पाणी चुनखडी विरघळवत खाली नेतं, मागे राहते ती चिकणमाती आणि लोहाचा गंज, म्हणून ती लाल. म्हणजे दगड चुन्याचा असला तरी वरच्या मातीत चुना फारसा उरलेला नसतो. शिवाय खुंटही, म्हणजे ज्या मुळांवर वेलीचं कलम करतात तेही, चुना सहन करणारे वापरतात. दादाने ते ढेकूळ बोटांनी चुरून वास घेतला, पाणी टाकून गोळी वळून बघितली, आणि मग त्या दोघांचं जे सुरू झालं ते अर्धा तास चाललं, मी भाषांतर करून करून दमले.

वेली आपल्यासारख्या मांडवावर नाहीत, तारांवर उभ्या रांगेत, कमरेएवढ्या उंचीला घड. मणी बारीक आणि साल जाड, वाईनची द्राक्षं असल्यामुळे मणी फुगवायला घड जीए या संजीवकात बुडवणं नाही, तो आटापिटाच नाही. छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात वेल झोपलेली असताना. आपल्याकडे वेल झोपत नाही म्हणून एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन छाटण्या, हे ऐकून काकांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. पानांवर निळसर डाग दिसले तेव्हा दादा लगेच म्हणाला, "मोरचूद!" डाऊनी हा बुरशीचा रोग तिथेही छळतो, आणि औषधही ओळखीचं निघालं. पांढरी ती मालवाझिया, काळी ती तेरान. तेरानची वाईन रात्री चाखली, चांगलीच आंबट असते, मला आवडली, दादाला मालवाझिया.

ग्रोझ्न्यानवरून लिवादेपर्यंत सलग उतार आहे आणि दगडी पूल आणि बोगदे इथे एकामागून एक येतात. इथे वेग आवरा. उन्हातून बोगद्यात शिरल्यावर डोळ्यांपुढे काही क्षण पूर्ण काळोख होतो आणि खाली खडी, म्हणून म्हटलं लाइट चांगला हवा. लिवादे मिर्ना नदीच्या खोऱ्यात आहे, ट्रफलसाठी, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या सुगंधी बुरशीसाठी प्रसिद्ध. दादा शाकाहारी आहे आणि त्याच्या जेवणाची मला काळजी होती, पण फुझी नावाचा घरगुती पास्ता ट्रफल किसून मिळतो, तो त्याने दोनदा मागवला. या गावात पारेन्झानाचं छोटं संग्रहालय आहे, ते बघाच.

समोर टेकडीवर मोटोवुन. रेसिंगवाला मारिओ आंद्रेत्ती इथलाच, 1940 चा जन्म. सायकलची वाट गावात चढत नाही, टेकडीखालून 222 मीटरच्या बोगद्यातून जाते, पण तटबंदीवरून खालच्या बागा बघायच्या असतील तर वर जावंच लागतं आणि तो चढ रेल्वेचा नाही, आम्ही सायकली ढकलत नेल्या.

विझिनादाच्या बाजूला परत चढ, आणि तिथे सकाळी पावसाची एक सर येऊन गेली. ती लाल माती ओली झाली की टायर आणि फ्रेमच्या मध्ये थापली जाते, चाक फिरेनासं होतं. काटकीने खरवडायची, पाणी मारू नका, आणखी चिकटते. तासाभरात ऊन पडलं की खडीची वाट कोरडी होते कारण चुनखडी पाणी धरून ठेवत नाही, तेवढं थांबणं बरं. तिथून पोरेचपर्यंत परत लाल माती, बागा, आणि शेवटी शहराजवळ गाड्यांचा रस्ता.

पोरेचला युफ्रेशियन बॅसिलिका हे सहाव्या शतकातलं चर्च आहे, 1997 पासून जागतिक वारसा, आतली सोनेरी मोझॅइक बघायला निदान एक तास ठेवा. परतीचं आधीच ठरवून ठेवा, आम्ही सायकलवाल्याच्या व्हॅनने सायकलींसकट त्रिएस्तेला आलो, ते बुकिंग करतानाच बोलून घेतलं होतं. दादा छाटणीच्या आठवडाभर आधी घरी पोचला. कोणाला शेतकऱ्याच्या व्हिसाच्या कागदांबद्दल किंवा टायरबद्दल अजून काही हवं असेल तर विचारा, जेवढं माहितीये तेवढं सांगेन.