एका मतपत्रिकेवरचे चार देश

ब्रिटनने २३ जून २०१६ रोजी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला, तेव्हा हा प्रश्न मुख्यतः व्यापाराचा आहे अशी माझी समजूत होती. पौंड किती घसरेल, मोटारींच्या सुट्या भागांवर किती सीमाशुल्क बसेल, लंडनमधल्या बँका पॅरिस किंवा फ्रँकफर्टला हलतील का, याच हिशेबात मी गुंतले होते. व्यापाराचे नुकसान खरेच आहे. अर्थसंकल्पाचे अंदाज बांधणाऱ्या ब्रिटनच्याच अधिकृत संस्थेने दीर्घकालीन उत्पादकता सुमारे ४ टक्क्यांनी कमी राहील असे गृहीत धरले आहे. परंतु असे नुकसान हळूहळू होते आणि माणसे त्याला सरावतात. आपला देश नेमका कोणता, हा प्रश्न मात्र एकदा उघडा पडला की पुन्हा झाकता येत नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

बाहेर पडण्याच्या बाजूने ५१.९ टक्के आणि राहण्याच्या बाजूने ४८.१ टक्के मते पडली. ब्रिटन ज्या चार देशांचे बनले आहे त्यांपैकी इंग्लंड आणि वेल्सने बाहेरची वाट निवडली. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के आणि उत्तर आयर्लंडमध्ये जवळजवळ ५६ टक्के मतदारांना संघातच राहायचे होते. मोजणी मात्र एकत्र झाली, आणि जिथे एकंदर लोकसंख्येपैकी पाचांत चारांहून अधिक माणसे राहतात त्या इंग्लंडचे पारडे जड ठरले. अर्थात इंग्लंडच्या कौलामागची कारणेही सरळसोपी नव्हती. युरोपला मोटारी पाठवणारा निसानचा मोठा कारखाना ज्या संडरलंडमध्ये आहे, तिथल्या सुमारे ६१ टक्के मतदारांनी संघ सोडण्याच्या बाजूने मत दिले. त्यांना अडाणी ठरवणारे पुष्कळ लेख तेव्हा वाचले आणि एकही पटला नाही. ज्या गावातले जहाजबांधणीचे शेवटचे कारखाने १९८८च्या सुमारास आणि शेवटची कोळसा खाण १९९३ मध्ये बंद झाली, तिथल्या माणसाला ‘आहे ते टिकवा’ असे सांगणे म्हणजे त्याच्याकडे टिकवण्यासारखे काय उरले आहे, हे न विचारण्यासारखे होते.

मतपत्रिकेवर राहायचे की सोडायचे एवढेच विचारले होते. सोडून कुठे जायचे, याबद्दल तिच्यावर अवाक्षर नव्हते. त्यामुळे जिंकलेल्यांमध्येच एकमत नव्हते, आणि पंतप्रधान थेरेसा मे यांनी संघाशी केलेला बाहेर पडण्याचा करार जानेवारी २०१९ मध्ये संसदेत २३० मतांनी फेटाळला गेला. पुढे पंतप्रधान किती बदलले, ते मोजण्यात आता फारसा अर्थ नाही.

खरी गाठ आयर्लंडमध्ये होती. ब्रिटनचा भाग असलेले उत्तर आयर्लंड आणि युरोपीय संघात असलेले स्वतंत्र आयर्लंड यांच्यामधली सुमारे ५०० किलोमीटरची सरहद्द शेतांमधून आणि गल्लीबोळांतून जाते, आणि उत्तर आयर्लंडमध्ये शांतता आणणाऱ्या १९९८च्या गुड फ्रायडे करारानंतर तिच्यावरच्या लष्करी चौक्या हटल्या. युरोपचा एकल बाजार (मालाचे सामाईक नियम) आणि सीमाशुल्क संघ (सामाईक जकात) दोन्ही सोडायचे, आयर्लंडच्या भूमीवर तपासणी नको, आणि बेलफास्ट व लिव्हरपूल यांच्यामध्ये, म्हणजे उत्तर आयर्लंड आणि उरलेले ब्रिटन यांच्यामध्येही ती नको, ही तिन्ही आश्वासने एकाच वेळी पाळता येण्यासारखी नव्हती. पुढचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी तिसरे मोडले आणि तपासणीची रेषा समुद्रात ओढली गेली. ब्रिटनशी एकनिष्ठ असलेल्या युनियनवादी मतदारांना हे घरच्यांनीच परके केल्यासारखे वाटले. त्यांच्या सर्वांत मोठ्या पक्षाने फेब्रुवारी २०२२ पासून दोन वर्षे स्टॉर्मंटचे, म्हणजे उत्तर आयर्लंडचे स्वतःचे सरकार चालू दिले नाही. ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यात ठरलेल्या विंडसर आराखड्याने २०२३ मध्ये तपासण्या सौम्य केल्या, पण रेषा पुसली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ही व्यवस्था पुढे चालू ठेवण्याचा ठराव तिथल्या विधानसभेत संमत झाला, तोही युनियनवाद्यांच्या मतांशिवाय.

स्कॉटलंडची अडचण वेगळी आहे. तिथे स्वातंत्र्याचे सार्वमत २०१४ मध्ये झाले आणि ५५ टक्के लोकांनी नकार दिला, तेव्हा युरोपीय संघाचे सदस्यत्व टिकवण्याचा खात्रीचा मार्ग ब्रिटनमध्ये राहणे हाच आहे, असे त्यांना सांगितले गेले होते. दोन वर्षांत तो युक्तिवाद फोल ठरला. तरीही वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे लंडनमधल्या संसदेच्या संमतीवाचून नवे सार्वमत घेता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला.

उत्तर आयर्लंडपुढे असे बंद दार नाही. आयर्लंड एक झाले तर उत्तरेचा भाग आपोआप युरोपीय संघात येईल, हे संघाच्या नेत्यांनी एप्रिल २०१७ मध्येच मान्य केले आहे. २०२१च्या जनगणनेत, सहसा एकीकरणाकडे झुकणाऱ्या कॅथलिक वळणात वाढलेल्यांची संख्या सहसा ब्रिटनकडे झुकणाऱ्या प्रॉटेस्टंटांपेक्षा प्रथमच अधिक भरली. धर्मावरून मत ठरते असे मी मुळीच म्हणत नाही. दोन्ही बाजूंना न मानणारा मोठा वर्ग तिथे आहे, आणि त्याचाच कल निर्णायक ठरेल. १९९८च्या करारानुसार, बहुमत एकीकरणाच्या बाजूने जाण्याची शक्यता दिसली तर लंडनच्या मंत्र्याने तिथे सार्वमत घेणे बंधनकारक आहे. ती शक्यता कशावरून ओळखायची, याचे कोणतेही माप मात्र करारात घालून दिलेले नाही.