त्या मोकळ्या जागेत काय असतं?

रससंकुचन, म्हणजे खारट पाण्यात पेशीतलं पाणी बाहेर जाऊन तिचं पेशीद्रव्य आक्रसणं, मी अनेक वर्षं फळ्यावरच शिकवलं. चौकोनी पेशीभित्तिका, आत आक्रसलेलं पेशीद्रव्य आणि दोन्हींच्या मध्ये मोकळी जागा. मुलं आकृती उतरवून घ्यायची, व्याख्या पाठ करायची, पेपरात पूर्ण गुण मिळवायची. त्या वर्षी मात्र ठरवलं की आधी आकृती दाखवायचीच नाही. नववीच्या वर्गाला थेट प्रयोगशाळेत नेलं.

ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची खालची बाजू जांभळी असते. पान मोडून तिरकं ओढलं की कडेला पातळ पापुद्रा सुटतो. वाचायला सोपं, पण हाताला ते सहज येत नाही. अर्धा तास त्यातच गेला. कुणाची साल जाड निघाली, कुणाची काचपट्टीवर गुंडाळली गेली. ज्यांची जाड होती त्यांना एकावर एक चढलेल्या पेशींचा नुसता गिचका दिसला आणि ती न सांगता दुसरं पान घ्यायला उठली. तो अर्धा तास मला अजिबात वाया गेलेला वाटत नाही.

मग कव्हरस्लिपच्या एका कडेला दहा टक्के मिठाच्या पाण्याचा थेंब सोडायचा आणि दुसऱ्या कडेला टीपकागद लावायचा. कागद पाणी ओढतो, तसं मिठाचं पाणी पापुद्र्यावरून सरकत जातं. दोनेक मिनिटं गेली असतील. एका मुलाने सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढताच हाक मारली, "मॅडम, सुटतंय! कोपऱ्यातून सुटतंय!" मी पाहिलं. जांभळा रंग खरोखरच भित्तिकेच्या कोपऱ्यांपासून सुटून आत गोळा होत होता.

एरवी मी इथेच व्याख्या सांगून पुढे गेले असते. तेवढ्यात तिसऱ्या टेबलावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, मध्ये जी मोकळी जागा झाली, तिथे काय आहे?" वर्षभरात तिने वर्गात क्वचितच तोंड उघडलं होतं.

उत्तर मला माहीत होतं. ओठांवर आलंही होतं. पण मी तोच प्रश्न सगळ्यांना विचारला. हवा, असं बरेच जण म्हणाले. काहीच नाही, पोकळी, असं काही जण. पेशीतून बाहेर आलेलं पाणी, असं दोघं. वाद चांगलाच पेटला. तेव्हा त्याच मुलीने हळूच सुचवलं, "बाहेरचं मिठाचं पाणी रंगवून बघू या का? ते आत शिरलं असेल तर दिसेल."

कपाटात इओसिन या गुलाबी रंगाची बाटली होती. जांभळ्या पेशीत गुलाबी रंग ओळखू येणार नाही हेही मुलांच्याच लक्षात आलं, म्हणून कांद्याच्या आतल्या बाजूचा रंगहीन पापुद्रा घेतला. मिठाच्या पाण्यात इओसिन मिसळून थेंब सोडला. पाहतो तर सगळ्याच पेशी काठोकाठ गुलाबी. "फसला प्रयोग," कुणीतरी म्हणालं.

मी एवढंच विचारलं, की हा पापुद्रा कधी काढला होता? वाद चालू असताना तो काचपट्टीवर तसाच कोरडा पडला होता. मग ताजा पापुद्रा सोलून लगेच पाण्यात ठेवला आणि सगळं पुन्हा केलं.

या वेळी भित्तिकेला लागून गुलाबी पट्टा दिसला आणि त्याच्या आत स्वच्छ, रंगहीन, गोलसर पेशीद्रव्य. पेशीभित्तिका सेल्युलोजची असते. मीठ आणि रंग दोन्ही तिच्यातून आरपार जातात. त्यांना अडवतं ते तिच्या आतलं पेशीपटल. पाणी तेवढं त्यातून सहज बाहेर पडतं, म्हणून पेशीद्रव्य आक्रसतं आणि मागे राहिलेल्या जागेत बाहेरचं द्रावण भरतं. हे सगळं मी नंतर बोलले, पण तोवर सांगण्यासारखं फार काही उरलं नव्हतं.

त्या मुलीने काचपट्टी थोडी सरकवली आणि पापुद्र्याच्या फाटलेल्या कडेशी थांबली. तिथल्या पेशी मात्र पूर्ण गुलाबी होत्या. बराच वेळ ती पाहत राहिली. मग म्हणाली, "या मेल्यात. म्हणून अडवू शकल्या नाहीत. मघाचा पापुद्रापण मेलेलाच होता." वर्ग एकदम शांत झाला. माझ्या अंगावर काटा आला. पेशीपटल निवडक पारगम्य असतं हे वाक्य मी कितीदा उच्चारलं असेल, पण ती निवड जिवंतपणी चालते आणि पेशी मेली की संपते, हे असं डोळ्यांपुढे मी कुणालाच दाखवलं नव्हतं.

तास संपल्याची घंटा झाली तरी सूक्ष्मदर्शकापाशी रांग होती. पुढचा तास ज्यांचा होता त्या सरांना मी दहा मिनिटं मागून घेतली.

दोन दिवसांनी प्रयोगवह्या तपासायला आल्या. तिच्या आकृतीत भित्तिका आणि पेशीद्रव्य यांच्यामधली जागा गुलाबी पेन्सिलीने भरलेली होती आणि बाण काढून लिहिलं होतं, 'बाहेरचं द्रावण'. पानाच्या कडेला तिने आणखी एक पेशी काढली होती, पूर्ण गुलाबी. तिच्यापुढे एकच शब्द होता, 'मृत'.