इंजिन सामन्यांची नोंद: ७५-२५ आणि त्यानंतरची रात्र

मागच्या आठवड्यात माझ्या बुद्धिबळ इंजिनाची (बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामची) नवी आवृत्ती जुनीशी भिडवली. बदल एकच होता, राजाच्या सुरक्षिततेला पटस्थितीच्या मूल्यमापनात जास्त वजन. १०० डावांनंतर नवीचे ७५ गुण, जुनीचे २५ (विजयाला एक, बरोबरीला अर्धा). एलोच्या, म्हणजे खेळाडूची ताकद मोजणाऱ्या रेटिंगच्या भाषेत साधारण १९१ची झेप! एवढी झेप एका आकड्याच्या फेरफारात मिळत नसते हे माहीत असूनही अर्धा तास हवेत होतो. मग सहज डावांची फाइल उघडली आणि पचका झाला. ते शंभर डाव नव्हतेच. दोनच डाव होते, प्रत्येकी पन्नास वेळा खेळलेले.

वेळेची भानगड नको म्हणून दोघांनाही विचाराची खोली ८ (किती चाली पुढे बघायचं) ठरवून दिली होती, आणि ओपनिंगची, म्हणजे वेगवेगळ्या सुरुवातींची फाइल द्यायला विसरलो होतो. एकच थ्रेड, ठरलेली खोली, तीच सुरुवातीची मांडणी, दर डावाआधी पुसलेला हॅश (आधी तपासलेल्या पटस्थितींची स्मृती). इंजिन बिचारं तीच चाल खेळणार नाही तर काय करणार? पांढरी घेऊन नवी जिंकली, काळी घेऊन बरोबरीत सुटली. याला पन्नासने गुणलं की झाले ७५-२५.

तसं तर इथवर पोचायलाच दोन संध्याकाळी गेल्या होत्या. सामने लावायला क्यूटचेस या मॅनेजरची, म्हणजे इंजिनांचे सामने चालवणाऱ्या प्रोग्रामची, कमांड लाइनवाली आवृत्ती घेतली. दोन्ही इंजिनं यूसीआयमधून बोलतात. स्टेफान मायर-काहलेन आणि रुडॉल्फ ह्यूबर यांनी २००० साली आणलेला हा प्रोटोकॉल म्हणजे साध्या मजकुराच्या ओळींची देवाणघेवाण. मॅनेजरने 'यूसीआय' म्हणायचं, इंजिनाने आपलं नाव आणि पर्याय सांगून 'यूसीआयओके' म्हणायचं. टर्मिनलवर हाताने टाइप केलं की माझं इंजिन चोख उत्तर द्यायचं. मॅनेजरने विचारलं की मख्ख. पार्सर (आलेल्या ओळी वाचणारा भाग) तीनदा तपासला, काही सापडेना. शेवटी कळलं की इंजिन बोलत होतं, पण बोललेलं बाहेर पडत नव्हतं. टर्मिनलवर ओळ संपली की मजकूर लगेच दिसतो. मॅनेजरकडे जाणाऱ्या पाइपमध्ये मात्र तो बफर (तात्पुरता साठा) भरेपर्यंत साचून राहतो. प्रत्येक ओळीनंतर फ्लश (साचलेलं लगेच बाहेर सोडण्याची आज्ञा) टाकला आणि दोन संध्याकाळींचं कोडं एका ओळीत सुटलं. ज्यांचं इंजिन टर्मिनलवर शहाणं आणि मॅनेजरसमोर मुकं, त्यांनी आधी हेच बघा.

आता दर वेळी ईपीडी फाइलमधून (पटस्थितींच्या यादीतून) एक पटस्थिती उचलली जाते आणि तिच्यावर दोन डाव होतात, रंग बदलून. म्हणजे पटस्थिती एका बाजूला झुकलेली असली तरी दोघांनाही ती बाजू मिळते. स्टॉकफिश या नावाजलेल्या इंजिनाच्या चाचण्यांत तर मुद्दाम झुकलेल्या सुरुवाती वापरतात, कारण सम पटस्थितीतून एवढी बलाढ्य इंजिनं बरोबरीच करत बसतात. माझ्या इंजिनाला तो त्रास नाही. ते सम पटस्थितीतूनही वजीर गमावू शकतं.

खोलीची मर्यादा काढून वेळ दिली: १० सेकंद, प्रत्येक चालीला ०.१ सेकंदाची भर. लगेच वेळ संपून हरलेले डाव दिसू लागले. चूक माझी, चार कोअरच्या मशीनवर एकाच वेळी आठ डाव लावले होते. इंजिन शेवटच्या मिलिसेकंदापर्यंत विचार करायचं आणि नेमका तेव्हाच प्रोसेसर दुसऱ्याकडे असायचा. आता एका वेळी तीनच डाव, पाँडरिंग (समोरच्याच्या वेळात विचार करणं) बंद, आणि घड्याळातले ५० मिलिसेकंद कायम राखीव. त्यानंतर एकही डाव वेळ संपून गेलेला नाही.

पुन्हा १०० डाव. नवीचे ३८ विजय, ३६ बरोबरी, २६ पराभव. म्हणजे ५६ टक्के, सुमारे ४२ एलो. या वेळी आनंद करण्याआधी गणित केलं. ९५ टक्के खात्रीची कक्षा निघाली उणे १२ ते अधिक ९८! शंभर डावांत एवढंच कळतं.

म्हणून एसपीआरटी, म्हणजे टप्प्याटप्प्याने पुरावा मोजणारी संख्याशास्त्रीय चाचणी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अब्राहम वाल्डने मालाच्या तपासणीसाठी काढलेली पद्धत. किती डाव खेळायचे हे आधी ठरवायचं नाही, पुरावा पुरेसा साचला की थांबायचं. मी बदलाचा फायदा ० विरुद्ध १० एलो अशी गृहीतकं ठेवली, दोन्ही चुकांची शक्यता ५ टक्के. एलएलआर (साचलेल्या पुराव्याचा आकडा) २.९४ला पोचला की बदल पास, उणे २.९४ला गेला की नापास. रात्री लावून झोपलो. पहाटे दोनला उठून पाहिलं तेव्हा तो १.३वर होता (हो, उठलो होतो). सकाळी उणे ०.८. साडेदहा तासांत ३,८०० च्या आसपास डाव झाले आणि उणे २.९४वर सामना थांबला.

बदल मागे घेतला. हरलेले काही डाव चाळले तर नवी आवृत्ती वजिरावजिरी झाल्यानंतरही राजाला कोपऱ्यात दडवून बसलेली दिसते, समोरच्याची प्यादी मात्र पटाच्या मधून पुढे निघून जातात. आता पटावर वजीर असेल तरच हे वाढीव वजन लागू होईल असं करून पुन्हा लावलंय. १,१४० डाव झालेत, एलएलआर ०.७वर घुटमळतोय.