गंडम पाहायला कुठून घ्यावे

'मोबाइल सूट गंडम' ही माणसाने आत बसून चालवायच्या महाकाय युद्धयंत्रांची ॲनिमेशन मालिका ७ एप्रिल १९७९ रोजी जपानमध्ये सुरू झाली आणि तिच्या नावाने निघणाऱ्या मालिका व चित्रपटांची रांग आजही थांबलेली नाही. यातील बऱ्याच कथा 'युनिव्हर्सल सेंच्युरी' या एकाच काल्पनिक कालगणनेत घडतात, मात्र त्या कालक्रमाने तयार झालेल्या नाहीत. २०१५ साली आलेली कथा १९७९च्या कथेच्या अकरा वर्षे आधी सुरू होते आणि १९८९ची कथा त्या १९७९च्या कथेतल्या युद्धाच्या शेवटच्या दिवसांत घडते. त्यामुळे नवा प्रेक्षक पहिला भाग लावण्याआधीच अडखळतो.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका मशिन शॉपमध्ये काम करणाऱ्या माझ्या मावसभावाचे असेच झाले. कथेतील सनावळीप्रमाणे लावलेला एक तक्ता त्याने कुठूनसा मिळवला होता. "दादा, घटना जशा घडल्या तशाच ओळीनं बघितल्या तर सोपं पडंल की," असे त्याचे म्हणणे होते. हे म्हणणे प्रथमदर्शनी पटण्यासारखे असले तरी मला ते मान्य नाही. या कथा ज्या क्रमाने तयार झाल्या त्याच क्रमाने पाहाव्यात, असे माझे ठाम मत आहे.

त्याच्या तक्त्यात सर्वांत वर 'द ओरिजिन' होते. मूळ मालिकेतील पात्रांची रेखाटने करणाऱ्या योशिकाझू यासुहिको यांनी पुढे त्याच कथेवर चित्रकथा लिहिली आणि तिच्यावरून २०१५ ते २०१८ या काळात हे सहा भाग निघाले. काम उत्तम आहे, परंतु मुखवटा घालून लाल यंत्र चालवणारा शार अझ्नाबल कोण, कुठला आणि त्याच्या मनात काय आहे, हे त्यात आधीच सांगून टाकले आहे. १९७९च्या मालिकेत याच प्रश्नाचे उत्तर थोडे थोडे करून मिळते. त्याच्या एखाद्या वाक्याने किंवा नजरेने आपण थबकतो, कारण तोपर्यंत आपल्याला काहीच ठाऊक नसते. ज्याला शारचे बालपण आधीच माहीत आहे, त्याच्यासाठी मूळ मालिकेचा अर्धा ताण तिथेच संपतो. शिवाय 'द ओरिजिन'मधील यंत्रे संगणकावर घडवलेली आहेत. ती पाहून झाल्यावर डोळा १९७९च्या हाती रंगवलेल्या चौकटींकडे दारिद्र्य म्हणून पाहू लागतो, आणि तो त्या चित्रांवर अन्याय आहे.

म्हणून सुरुवात दिग्दर्शक योशियुकी तोमिनो यांच्या मूळ मालिकेपासूनच करावी. ५२ भागांची ही योजना पहिल्या प्रसारणात प्रेक्षक आणि खेळण्यांची विक्री दोन्ही कमी पडल्यामुळे ४३ भागांवर आटोपती घ्यावी लागली. पुनःप्रसारणामुळे आणि १९८०पासून बाजारात आलेल्या प्लास्टिकच्या जोडणी-प्रतिकृतींमुळे तिला खरी लोकप्रियता मिळाली, आणि १९८१-८२मध्ये तिचेच संकलन करून तीन चित्रपट निघाले. मालिकेला सुमारे सतरा तास लागतात, तर चित्रपट सुमारे सात तासांत संपतात. दिवसभर उभ्याने काम करून घरी येणाऱ्या माणसाने चित्रपट निवडले तर मी त्याला अडवणार नाही. तरीही माझा कल मालिकेकडेच आहे. व्हाइट बेस या अंतराळातल्या लढाऊ जहाजावर अडकलेली कोवळी मुले आणि निर्वासित नागरिक आठवड्यामागून आठवडा दमत जातात, अन्न आणि मीठसुद्धा पुरत नाही, आणि गंडम चालवणारा अमुरो रे हा पोरगा एकदा लढायलाच नकार देतो. ही थकावट अंगात मुरायला तेवढे भाग लागतात.

भावाला मात्र वेगळीच गोष्ट भावली. गंडम हे यंत्र चाचणीसाठी बनवलेला नमुना आहे आणि त्यावरून पुढे 'जिम' नावाची साधी यंत्रे घाऊक प्रमाणात निघतात, हे कळताच तो म्हणाला, "म्हणजे आधी ट्रायल पीस, मग लॉट." हे युद्ध कारखान्यांतूनही लढले जाते, ही त्या मालिकेची मोठी जाण त्याने पटकन पकडली.

त्यानंतर १९८५ची 'झीटा गंडम', मग 'डबल झीटा', आणि १९८८चा 'शार्स काउंटरअटॅक' हा चित्रपट. 'डबल झीटा'चा आरंभ उगाच हलकाफुलका आहे, तरी तो सोडू नये. 'झीटा'च्या २००५-०६मधील संकलन-चित्रपटांचा शेवट बदललेला आहे, म्हणून ते मालिकेच्या जागी पाहू नयेत. 'झीटा' सुरू होताना आपण एका अनोळखी राजकारणात फेकले जातो. ते राजकारण कसे उभे राहिले याची कथा १९९१-९२च्या '००८३ स्टारडस्ट मेमरी'मध्ये येते. ती आधी पाहिली तर 'झीटा'तला तो गोंधळ, जो तिथे मुद्दाम ठेवलेला आहे, हातचा जातो.

सर्वांत जास्त नुकसान होते ते 'वॉर इन द पॉकेट'चे. फुमिहिको ताकायामा यांनी दिग्दर्शित केलेल्या, १९८९च्या या सहा भागांच्या कथेत युद्धापासून दूर असलेल्या अंतराळ-वसाहतीतला एक शाळकरी मुलगा आहे. त्याला यंत्रांचे भारी वेड आहे आणि युद्ध म्हणजे त्याच्या लेखी खेळ. सनावळीप्रमाणे ही कथा मूळ मालिकेला चिकटूनच येते. पण ती 'शार्स काउंटरअटॅक'नंतर पाहिली, तर तोवर आपणही वर्षानुवर्षांच्या लढाया, फुटणारी जहाजे, नवनवी यंत्रे मिटक्या मारत पाहिलेली असतात आणि त्या मुलाचे वेड आपलेच असते. मग शेवटच्या दोन भागांत जे होते ते आपल्याला विचारलेला प्रश्न बनते. तिथे काय होते हे मी इथे लिहिणार नाही.

'युनिकॉर्न' (२०१०-१४) आणि 'हॅथवे' (२०२१) त्यानंतर आपसूक येतात. 'सीड', 'डबल ओ', 'आयर्न-ब्लडेड ऑर्फन्स' आणि 'द विच फ्रॉम मर्क्युरी' यांच्या कालगणना स्वतंत्र असल्याने त्या केव्हाही पाहाव्यात. २४ भागांची 'द विच फ्रॉम मर्क्युरी' तर माझी भाची इतर काहीही न पाहता आवडीने पाहते आहे. २०२५ची 'जीक्वक्स' मात्र तिला मी तूर्त पाहू दिलेली नाही, कारण १९७९च्या मालिकेतली अगदी आरंभीची एक घटना निराळी घडली असती तर काय झाले असते, यावर ती उभी आहे, आणि ती मूळ घटना भाचीने अजून पाहिलेली नाही.