न विचारलेला प्रश्न

दादाला जन्मठेप झाली तेव्हा घरात सगळ्यांचं एकच पालुपद होतं: हायकोर्टात जाऊ, तिथे खरं काय ते सांगू. तिथे आपण काहीच सांगायचं नसतं, हे फार उशिरा कळलं. साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात येत नाहीत. खालच्या कोर्टात जे कागदावर आलं, ते वाचून दोन न्यायमूर्ती अपिलाचा निर्णय देतात.

निकालाची प्रत आरोपीला फुकट मिळते आणि अपिलाला ६० दिवसांची मुदत असते. वकिलाची फी झेपणारी नव्हती, म्हणून उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे अर्ज केला. फुकटची वकील म्हणून मामांनी नाक मुरडलं. मॅडम मात्र पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "भाऊ किती चांगला आहे ते मला सांगू नका. कागद दाखवा."

शिक्षा स्थगित करून जामीन मिळावा, हा अर्ज फेटाळला गेला. मग खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड मागवणं, पेपरबुक म्हणजे त्या कागदांची बांधलेली प्रत, त्या दिवशीच्या सुनावण्यांच्या यादीत, म्हणजे बोर्डावर, नाव लागणं आणि दिवसभर फोर्टात बसूनही नंबर न येणं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पेपरबुकाचं मात्र सांगायला हवं. खून आमच्याच गल्लीतल्या दुकानदाराचा. डोळ्यांनी पाहिलेलं कुणी नाही, सगळा परिस्थितिजन्य पुरावा. दोघांना शेवटचं एकत्र पाहिलं म्हणणारा एक साक्षीदार आणि दादाच्या निवेदनावरून जप्त झाला म्हणतात तो शर्ट. त्यावर मयताच्या गटाचं रक्त असल्याचा रासायनिक विश्लेषकाचा अहवाल. साक्षीदार उलटतपासणीत डळमळला होता, त्यामुळे दोषसिद्धी खरी त्या रक्तावरच उभी होती.

साक्षीपुरावा संपला की न्यायाधीश आरोपीसमोर त्याच्याविरुद्धचा एकेक मुद्दा ठेवून त्याचं म्हणणं विचारतात. तेव्हा ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३१३ होतं; नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ३५१ झालं. दादाचा हा जबाब मॅडमनी माझ्यापुढे सरकवला आणि रक्ताचा प्रश्न शोधायला सांगितलं. तो नव्हताच. ज्या गोष्टीवर माणूस जन्मभर आत जाणार, तिच्याबद्दल त्याला कुणी विचारलंच नव्हतं. "तो शर्ट माझा नाही" एवढं तरी तो म्हणाला असता.

मॅडमचा भर होता पुण्यातल्या एका खटल्यावर: शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९८४. त्यात फाशीची शिक्षा झालेल्या आरोपीला सुप्रीम कोर्टाने सोडलं. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी कशी हवी, हे त्यात सांगितलं आहेच. शिवाय आरोपीपुढे ३१३ खाली न ठेवलेला मुद्दा त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, हेही.

सरकारी वकिलांनी जोर लावला. प्रश्न राहिला म्हणून आरोपीचं नेमकं काय नुकसान झालं, ते दाखवा, असं त्यांचं म्हणणं. ते अगदीच पोकळ नव्हतं. अशी चूक झाली की खटला आपोआप कोसळतो असं नाही, प्रकरण पुन्हा जबाबासाठी खालीही पाठवता येतं. पण मग न्यायमूर्तींनी कागदांतून शर्टाच्या जप्तीचा पंचनामा काढायला लावला. शर्ट जागेवर सील केल्याचा त्यात उल्लेख नव्हता. प्रयोगशाळेत जाईपर्यंत तो कुठे, कसा होता, याला उत्तर नव्हतं. रक्त बाजूला काढल्यावर साखळीत फारसं काही उरलं नाही.

दादा सुटला. त्याच सुमारास, जुलै २०२५ मध्ये, २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या १२ जणांना उच्च न्यायालयाने निर्दोष ठरवलं होतं. काही दिवसांत सुप्रीम कोर्टाने तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली. सुटलेल्यांना मात्र परत आत पाठवलं नाही. आमच्या डब्यात बायका तावातावाने म्हणत होत्या, "मग केलं कुणी?" मी गप्प बसले. दुकानदाराच्या बायकोने मला जिन्यात हेच विचारलं होतं. कोर्टाने दादाविरुद्धचा पुरावा तपासला, खुनी शोधला नाही. आणि ते तिला कोण सांगणार?

निकालानंतरही जामीनदार लागतो, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. सरकार वर, सुप्रीम कोर्टात गेलं तर हजर राहीन, असा सहा महिन्यांचा बॉन्ड द्यावा लागतो. नाक मुरडणारे मामाच जामीनदार झाले.